एचआयव्हीवर औषध आहे, मग माणसं अजून का जातात?

२०२४ या एका वर्षात जगभरात सुमारे ६ लाख ३० हजार माणसं एड्सशी संबंधित आजारांनी गेली. ज्या आजारात रोज एक गोळी घेऊन माणूस जवळपास पूर्ण आयुष्य जगू शकतो, त्या आजारानं. हा आकडा वाचला की आपण औषधात काय कमी पडलं ते शोधू लागतो. पण उत्तर बहुतेक वेळा औषधात नसतंच. ते असतं तपासणीच्या खोलीपर्यंत कधी न पोचलेल्या माणसात, तपासणी करून रिपोर्ट घ्यायला परत न आलेल्या माणसात, घरच्यांपासून गोळ्या लपवताना आधी दोन दिवस आणि मग दोन महिने डोस चुकलेल्या माणसात. म्हणून या लेखात विषाणूबद्दल जितकं लिहिलंय, तितकंच माणसांनी एकमेकांसाठी काय केलं त्याबद्दलही लिहिलंय. माझ्या मते एचआयव्हीविरुद्धच्या लढ्यात औषधाइतकंच मोठं काम याच माणसांनी केलं आहे.

आधी विषाणू.

आपल्या रक्तात सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. बाहेरून जंतू आला की त्याच्याविरुद्ध कोणत्या पेशींनी काय करायचं याचे संदेश त्या देतात. एचआयव्ही नेमका याच पेशींना गाठतो. पेशीत शिरल्यावर तो रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या एन्झाइमच्या मदतीनं आपल्या आरएनएपासून डीएनए तयार करतो. इंटिग्रेज नावाचं दुसरं एन्झाइम ते डीएनए पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये जोडून टाकतं. आता ती पेशी विषाणूच्याच प्रती बनवू लागते. प्रोटीएज हे तिसरं एन्झाइम त्या अर्धवट प्रतींना पक्कं रूप देतं आणि नवे विषाणू पुढच्या पेशींकडे निघतात. ही तीन नावं मुद्दाम दिली आहेत, कारण आजची बहुतेक औषधं यांतला एखादा टप्पा अडवूनच काम करतात.

लागण झाल्यावर २ ते ४ आठवड्यांत काहींना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठतं, मानेत किंवा काखेत गाठी येतात. साध्या व्हायरल तापासारखंच सगळं. काहींना तेवढंही होत नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. उपचार नसतील तर एड्सच्या टप्प्याला पोचायला साधारण ८ ते १० वर्षं लागतात. या काळात माणूस कामावर जातो, खेळतो, संसार करतो आणि आतमध्ये सीडी४ पेशी कमी होत राहतात. चेहऱ्यावरून, वजनावरून, वागण्यावरून एचआयव्ही ओळखता येतो ही समजूत म्हणूनच घातक आहे. तो फक्त तपासणीतच कळतो. २०२४ मध्ये जगात एचआयव्हीसह जगणारी ४ कोटी ८ लाख माणसं होती आणि त्यांतल्या सुमारे ५३ लाखांना आपल्याला लागण झाल्याचं ठाऊकच नव्हतं.

निरोगी माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरला साधारण ५०० ते १५०० सीडी४ पेशी असतात. त्या २०० च्या खाली गेल्या, किंवा काही ठरावीक गंभीर आजार झाले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला एड्स झालेला नसतो आणि वेळेत उपचार घेणाऱ्या बहुतेकांना तो कधीच होत नाही.

मग मृत्यू कशानं येतो? एरवी ज्यांना शरीर सहज आवरतं अशा जंतूंनी. यात सगळ्यात पुढे आहे क्षयरोग. जगातल्या फार मोठ्या लोकसंख्येच्या शरीरात टीबीचे जंतू सुप्तावस्थेत असतात आणि प्रतिकारशक्ती त्यांना दाबून ठेवते. सीडी४ घटले की ते उसळतात. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा सर्वाधिक बळी आजही टीबीच घेतो, म्हणून एचआयव्ही निघाला की टीबीची आणि टीबी निघाला की एचआयव्हीची तपासणी व्हायलाच हवी. याशिवाय तोंडात आणि अन्ननलिकेत बुरशी वाढते, मेंदूच्या आवरणाला क्रिप्टोकॉकस या बुरशीचा संसर्ग होतो, न्यूमोसिस्टिस हा एरवी क्वचित दिसणारा न्यूमोनिया होतो. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना हाच न्यूमोनिया झाल्याची नोंद छापून आली. या साथीची ती पहिली अधिकृत नोंद. विषाणू सापडला १९८३ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांना त्यासाठी २००८ चं नोबेल मिळालं.

उपचार नियमित चालू असले तरी शरीराकडे लक्ष ठेवावं लागतं. विषाणू दबलेला असतानाही शरीरात सौम्य दाह टिकून राहतो, त्यामुळे हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त असतो. रक्तदाब, साखर, मूत्रपिंड, हाडं यांची तपासणी वेळच्या वेळी हवी. मनाचंही तसंच. निदानानंतरचं नैराश्य खरं असतं, त्यावर उपचार असतात आणि त्याकडे दुर्लक्ष झालं तर गोळ्याही सुटतात.

पहिलं औषध, झिडोव्ह्युडिन म्हणजेच एझेडटी, १९८७ मध्ये मंजूर झालं. ते मुळात १९६४ मध्ये कॅन्सरसाठी तयार केलेलं होतं. एकटं औषध फार काळ टिकलं नाही. एचआयव्ही स्वतःच्या प्रती काढताना सतत चुका करतो आणि त्या चुकांतून एखादी प्रत अशी निघते जिच्यावर ते औषध चालत नाही. मग तीच वाढते. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि सगळं पालटलं. तीनही औषधांना एकाच वेळी चकवणारी प्रत निघणं फार अवघड असतं. मरणाच्या दारात असलेली माणसं काही महिन्यांत उठून कामाला लागली. आज ही तीन औषधं अनेकदा एकाच गोळीत मिळतात. या उपचाराला एआरटी म्हणतात. पूर्वी सीडी४ खाली जाईपर्यंत थांबत असत. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: निदान झालं की सीडी४ कितीही असो, उपचार लगेच सुरू करा.

पण मग विषाणू कायमचा का जात नाही? काही संसर्गित पेशी काम थांबवून विश्रांतीच्या अवस्थेत जातात. त्यांच्या डीएनएत विषाणूचं डीएनए जोडलेलं असतं, पण तिथून नवीन प्रती बनत नसतात आणि औषध अडवतं ते प्रती बनणं. जमिनीत पडून राहिलेल्या बीसारखी ही अवस्था असते; वर काहीच दिसत नाही, पाऊस पडला की कोंब फुटतो. औषध थांबवलं की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू परत दिसू लागतो. रोजची गोळी रोजच घ्यावी लागते ती यासाठी. पूर्ण बरी झालेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांतले पहिले टिमोथी रे ब्राउन. त्यांना रक्ताचा कॅन्सरही होता आणि त्यासाठी बर्लिनमध्ये त्यांच्यावर अस्थिमज्जेतल्या मूळपेशींचं प्रत्यारोपण झालं, तेही जन्मतः एचआयव्हीला दाद न देणाऱ्या पेशींच्या दात्याकडून. हा उपाय इतका धोक्याचा आहे की कॅन्सर नसलेल्या माणसाला तो सुचवताही येत नाही.

यापुढची माहिती प्रत्येक घरात पोचावी असं मला मनापासून वाटतं. नियमित एआरटीनं रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तो तपासणीत सापडत नाही, साधारणपणे मिलिलिटरला २०० प्रतींच्या खाली. बहुतेकांना हे सहा महिन्यांच्या आत साधतं. तो असा दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. अगदी शून्य. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात युरोपातली ७८२ समलिंगी पुरुष जोडपी होती, प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही आणि तो उपचार घेणारा. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले, पण जोडीदाराकडून लागण झाल्याची एकही घटना आढळली नाही. म्हणजे रोज गोळी घेणारा माणूस स्वतःबरोबर जोडीदारालाही सुरक्षित ठेवतो. तो लग्न करू शकतो, त्याला निरोगी मुलं होऊ शकतात. यासाठी अट एकच, व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची, तपासणी वेळोवेळी झाली पाहिजे. गोळ्या चालू आहेत एवढ्यावरून विषाणू दबलाय असं गृहीत धरता येत नाही.

एचआयव्ही पसरतो तो रक्त, वीर्य, योनीतला आणि गुदमार्गातला स्राव आणि आईचं दूध यांतून. म्हणजे कंडोमशिवाय लैंगिक संबंध, वापरलेली सुई, न तपासलेलं रक्त, आणि आईकडून बाळाला गर्भारपणात, बाळंतपणात किंवा दुधातून. मिठी, एका ताटात जेवण, एकच शौचालय, डास, खोकला यांतून तो पसरत नाही. हे चाळीस वर्षं सांगितलं जातंय, तरी शाळेत मुलाला वेगळं बसवणारे अजून आहेत, म्हणून परत सांगावं लागतं.

बाळांचा मुद्दा मात्र थोडा सविस्तर. काहीच केलं नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईला गर्भारपणात एआरटी आणि बाळाला जन्मानंतर प्रतिबंधक औषध मिळालं तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. अगदी लहान बाळाची नेहमीची तपासणी मात्र फसवी ठरते, कारण ती अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रथिनं, शोधते आणि आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यासाठी थेट विषाणू शोधणारी वेगळी चाचणी करावी लागते. ती वेळेत झाली नाही आणि बाळाला उपचार मिळाले नाहीत, तर लागण झालेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात. आणि आजही जगभरात एचआयव्ही असलेल्या मुलांपैकी जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त मुलं उपचारावर आहेत. मोठ्यांमध्ये हेच प्रमाण तीन चतुर्थांशांच्या वर आहे.

मोठ्यांनी लक्षात ठेवायच्या वेळा दोन. धोक्याचा प्रसंग घडला, सुई टोचली, कंडोम फाटला, बलात्कार झाला, तर ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, दवाखान्यात जाऊन पेप नावाचं औषध सुरू करायचं. ते २८ दिवस घ्यावं लागतं. दुसरी वेळ तपासणीची. लागण झाल्याझाल्या चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. या काळाला विंडो पीरियड म्हणतात आणि चाचणीच्या प्रकाराप्रमाणे तो काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत असतो. धोका वारंवार असणाऱ्यांसाठी आधीपासून घ्यायचं प्रेप हे औषधही आहे.

इथपर्यंतचं सगळं प्रयोगशाळेनं दिलं. ते माणसाच्या हातात पडलं कसं, ही गोष्ट वेगळी आहे.

१९८३ च्या जूनमध्ये, विषाणूची ओळखही नीट पटलेली नव्हती तेव्हा, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एका आरोग्य परिषदेत एड्स झालेली काही माणसं मंचावर गेली आणि त्यांनी आपली तत्त्वं वाचून दाखवली. आम्हाला बळी म्हणू नका, आम्ही एड्ससह जगणारी माणसं आहोत, आणि आमच्याबद्दलचे निर्णय जिथे होतात तिथे आम्ही असलो पाहिजे, असा त्याचा आशय होता. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हाती फार दिवस उरलेले नव्हते. तरी त्यांनी मागितली ती निर्णयातली जागा. १९९४ मध्ये पॅरिसच्या परिषदेत ४२ देशांनी हेच तत्त्व अधिकृतपणे मान्य केलं.

युगांडात नोएरीन कलीबा यांचे पती क्रिस्टोफर १९८७ च्या जानेवारीत एड्सनं गेले. त्याच वर्षी त्यांनी, आजारानं घेरलेल्या काही सहकाऱ्यांबरोबर, टासो ही संस्था उभी केली. औषध नव्हतंच तेव्हा. देण्यासारखं होतं ते समुपदेशन, घरी जाऊन केलेली शुश्रूषा आणि आपल्यासारखंच कुणीतरी आहे याचा आधार. या कामाकडे दिलासा म्हणून बघणं चूक आहे. औषधं आली तेव्हा ती घेणारी माणसं कुठे राहतात, कुणाला काय सांगितलं तर पटतं, कोण घरातून बाहेर पडू शकत नाही, हे अशाच संस्थांना ठाऊक होतं.

दक्षिण आफ्रिकेत १९९८ च्या डिसेंबरमध्ये गुगू द्लामिनी या तरुणीनं आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर सांगितलं आणि काही दिवसांत जमावानं तिला ठार मारलं. त्याच महिन्यात झॅकी अचमट आणि त्यांच्या साथीदारांनी ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन सुरू केली. ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असं छातीवर छापलेले टी-शर्ट घालून हजारो माणसं रस्त्यावर आली. लागण झालेले आणि न झालेले, सगळे तोच टी-शर्ट घालत, म्हणजे कुणाला वेचून मारता येऊ नये. अचमट यांना स्वतःला एचआयव्ही होता आणि पैसे देऊन औषध मिळवणं त्यांना शक्य होतं. सरकारी दवाखान्यात सगळ्यांना मिळेपर्यंत मी घेणार नाही, असं म्हणून ते प्रकृती ढासळली तरी २००३ पर्यंत औषधाविना राहिले. २००२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं या मोहिमेच्या बाजूनं निकाल दिला आणि बाळाला लागण होऊ नये म्हणून दिलं जाणारं नेव्हिरापिन सरकारी दवाखान्यांत उपलब्ध करून द्यायचा आदेश सरकारला मिळाला.

औषधाची किंमत हीसुद्धा अशीच खाली आली. २००० च्या सुमारास तीन औषधांचा वर्षाचा खर्च माणशी १० हजार डॉलरच्या वर होता. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्ला या भारतीय कंपनीनं तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्ध ३९ औषध कंपन्यांनी स्वस्त औषधांच्या कायद्यावरून खटला चालवला होता. जगभर निदर्शनं झाली, आणि एप्रिलमध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला. स्वस्त जेनेरिक औषध आणि रस्त्यावरची माणसं, दोन्ही एकाच वेळी नसती तर पुढची वीस वर्षं वेगळी गेली असती असं मला वाटतं.

कोलकात्याच्या सोनागाछीतलं काम मला यासाठी महत्त्वाचं वाटतं की तिथे प्रश्नाची मांडणीच बदलली. १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी तिथे आरोग्याचं काम सुरू केलं आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. कंडोम का वापरायचा हे बायकांना समजत होतं. पण सावकाराच्या व्याजात अडकलेली, पोलिसांच्या धाकात असलेली बाई कंडोम नाकारणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवू शकत नाही. म्हणून १९९५ मध्ये या स्त्रियांनी दुर्बार महिला समन्वय समिती ही आपली संघटना बांधली आणि स्वतःची सहकारी पतसंस्थाही काढली. पतसंस्थेचा एचआयव्हीशी काय संबंध, असं वरवर वाटेल. पण कर्जाची गाठ सैल झाली की नाही म्हणण्याची ताकद येते, आणि त्या नाही म्हणण्यातून लागण टळते.

मोझांबिकच्या टेटे प्रांतातलं उदाहरण याहून साधं आहे. दवाखाने लांब, रांगा मोठ्या, दर महिन्याला औषध आणायचं म्हणजे एक-दोन दिवसांची मजुरी बुडते. त्यामुळे माणसं उपचार सोडत होती. २००८ मध्ये तिथे जवळ राहणाऱ्या, उपचार घेणाऱ्या सुमारे सहा-सहा जणांचे गट झाले. दर महिन्याला गटातला एकजण दवाखान्यात जाई, स्वतःची तपासणी करून घेई आणि सगळ्यांच्या गोळ्या घेऊन येई. पुढच्या महिन्यात दुसऱ्याची पाळी. गोळ्या वाटताना कोण आजारी आहे, कुणाचे डोस चुकलेत, हेही कळे. माणसं उपचारावर टिकून राहिली. ही पद्धत पुढे इतर देशांनी उचलली.

समुदायाचा सहभाग म्हणतात तो हा. वर्षातून एकदा, १ डिसेंबरला, रॅली काढणं ठीक आहे, पण खरं काम उरलेल्या दिवसांत होतं. नुकतं निदान झालेल्या मुलाशेजारी बसून, माझ्याही गोळ्या चालू आहेत, कित्येक वर्षं झाली, हे सांगणारा माणूस डॉक्टरच्या जागी येत नाही, पण डॉक्टरला जे जमत नाही ते करतो. आणि ज्यांना स्वतःला एचआयव्ही नाही त्यांच्या हातातही बरंच आहे. कुणी विश्वासानं सांगितलं तर ती गोष्ट तिसऱ्याला न सांगणं, कसा झाला हे न विचारणं, आज गोळी घेतली का हे प्रेमानं विचारणं. घरात गोळ्यांची बाटली उघड्यावर ठेवता आली की डोस चुकण्याचं एक मोठं कारण संपतं.

सध्याची परिस्थिती काळजीची आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत अचानक थांबवली आणि अनेक गरीब देशांत सगळ्यात आधी बंद पडली ती समुदायांनीच चालवलेली केंद्रं, कारण त्यांचा पगार, भाडं, प्रवास त्या मदतीवर चालत होता. गोळ्यांचा पुरवठा काही प्रमाणात पुन्हा सुरू झाला. पण चुकलेल्या पेशंटला शोधत घरी जाणारी माणसं कामावरून गेली ती बऱ्याच ठिकाणी परत आली नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत लेनाकापाव्हिर हे इंजेक्शन प्रतिबंधासाठी मंजूर झालं. ते सहा महिन्यांतून एकदाच घ्यायचं असतं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ मुली आणि तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नव्हती. त्या चाचणीत दर तारखेला आठवण करणारी, गावात येऊन भेटणारी माणसं होती. आता हे इंजेक्शन देशोदेशी पोचवताना, दुसऱ्या डोससाठी सहाव्या महिन्यात दार ठोठावणाऱ्या कार्यकर्तीचा पगारही त्याच खर्चात धरावा लागेल.